उत्तर आणि ताळा

आमच्या लहानपणी अंकगणिताच्या तासाला गुरुजी फळ्यावर उदाहरण घालीत आणि आम्ही मुले पाट्यांवर ते सोडवीत असू. ज्याचे आधी होई तो मोठ्याने ओरडे, ‘‘गुरुजी, झालं!’’ गुरुजी मानही वर न करता विचारीत, ‘‘ताळा पाहिलास?’’ भागाकाराचे उदाहरण असेल तर आलेल्या भागाकाराला भाजकाने गुणायचे, त्यात बाकी मिळवायची आणि मूळचा भाज्य परत येतो की नाही ते पाहायचे, हा ताळा. तो पाहण्याचा आम्हा सर्वांनाच कंटाळा. उत्तर आले ना, मग पुन्हा उलटे कशाला जायचे, असे वाटे. गुरुजींच्या त्या प्रश्नाची किंमत मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळली, आणि तीही संगणकामुळे. आज त्याच गोष्टीविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

संगणकाचे शिक्षण घेणारी मुले हल्ली ‘अल्गोरिदम’ आणि ‘डेटा स्ट्रक्चर’ यांची उदाहरणे सोडवताना दिसतात. शब्द परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत. अल्गोरिदम म्हणजे रीत. त्रैराशिकाची रीत, वर्गमूळ काढण्याची रीत, तशीच ही. पायऱ्या ठरलेल्या आणि कुठे थांबायचे तेही ठरलेले. डेटा स्ट्रक्चर म्हणजे मांडणी. दुकानदाराच्या रोजकीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे उतरतात आणि खतावणीत तेच व्यवहार माणसामाणसाच्या खात्यावर पडतात. व्यवहार एकच, मांडणी दोन. वीस तारखेला काय झाले हे रोजकीर्द चटकन सांगते. गणपतरावांकडे किती येणे आहे हे विचाराल तर ती सगळी चाळावी लागेल, तिथे खतावणीच हवी. कोणत्या प्रश्नाला कोणती मांडणी आणि कोणती रीत, हे ओळखण्याचा सराव म्हणजे ही उदाहरणे. ती पुरवणारी संकेतस्थळे आहेत. त्यांतले कोडशेफ नावाचे एक तर २००९ साली मुंबईच्याच एका कंपनीने सुरू केले. नोकरीच्या मुलाखतीत अशी उदाहरणे घालतात, त्यामुळे मुले त्यांच्या मागे हात धुऊन लागलेली असतात.

माझी भाची त्यांतलीच एक. गेल्या वर्षी अभियांत्रिकीची परीक्षा पास झाली. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले, हप्ता सुरू होण्याची वेळ जवळ आलेली, आणि पहिल्या मोठ्या मुलाखतीतून ती हात हलवीत परत आली. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली.

‘‘मामा, तीनशे बारा उदाहरणं झाली माझी. आणि तिथे अगदी पहिलं, सोपं आलं, ते धड जमलं नाही.’’

‘‘जमलं नाही म्हणजे? रीत आठवली नाही?’’

‘‘रीत आठवली, लिहिली पण. मग ते म्हणाले, यादीत दोनच आकडे आहेत असं धरा आणि चालवून दाखवा. मी चालवायला लागले तर ते थांबेचना. नुसती बघत बसले. मामा, मला डोकंच नाहीये हो.’’

मी तिच्यापुढे कागद ठेवला आणि तेच उदाहरण पुन्हा लिहायला सांगितले. श्रोते हो, रेडिओवर फळा नसतो. तेव्हा जवळ कागद-पेन्सिल असेल तर तुम्हीही घ्या. उदाहरण असे : क्रमाने लावलेली एक यादी दिली आहे, तीत एक विवक्षित नोंद शोधा.

हे आपण रोज करतो. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. त्याच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. ‘फडताळ’ शोधायचे तर पहिल्या पानापासून कोणी वाचीत बसत नाही. मध्येच कुठेतरी कोश उघडायचा. उघडलेल्या पानावर ‘न’ असेल तर ‘फ’ पुढे, म्हणजे डावीकडचा भाग सोडून दिला. उरलेल्याच्या मध्यावर पुन्हा उघडायचे. दर वेळी निम्मे टाकायचे. साठ हजारांचे तीस हजार, तिसांचे पंधरा, पंधरांचे साडेसात. असे करीत गेले तर सोळाव्या पाहणीपर्यंत शब्द सापडतो, किंवा तो कोशात नाहीच हे कळते. साठ हजार आणि सोळा! या रीतीला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. आपण निम्मे-निम्मे शोधणे म्हणू.

आता भाचीने लिहिलेले पाहा. यादीत दोनच आकडे, पहिल्या जागी १० आणि दुसऱ्या जागी २०. शोधायचा आहे २०. डावी हद्द १, उजवी हद्द २. मधली जागा काढायची, तर एक आणि दोन तीन, त्याचे निम्मे दीड; यंत्र वरचा अर्धा टाकून देते, राहिला एक. पहिल्या जागी आहे १०, तो वीसपेक्षा लहान, म्हणजे वीस उजवीकडे असणार. इथे तिने लिहिले होते : ‘डावी हद्द मधल्या जागी आणा.’ मधली जागा १, डावी हद्द मुळातच १. काहीच हलले नाही. पुन्हा निम्मे दीड, पुन्हा एक, पुन्हा १०. जन्मभर हेच. ‘मधल्याच्या पुढच्या जागी आणा’ एवढे लिहायला हवे होते. मधली नोंद आपण पाहून नाकारली आहे, तिला पुन्हा हद्दीत घेण्याचे कारण नाही.

‘‘पण मामा, हे मी पूर्वी बरोबर केलं होतं. यंत्रानं मान्य केलं होतं,’’ ती म्हणाली.

कसे केले होते ते विचारले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. ही संकेतस्थळे तुमचा प्रोग्रॅम तपासून तत्काळ निकाल देतात, बरोबर की चूक. चूक आला की मुले काय करतात? ‘पेक्षा लहान’ असेल तिथे ‘लहान किंवा तितकेच’ करून पाहतात. तरीही चूक आला तर कुठेतरी एक मिळवून पाहतात, मग एक वजा करून पाहतात. चार खेपांत कधीतरी मान्य होते. होते ते ठीकच. पण का झाले हे सोडवणाऱ्याला ठाऊक नसते. त्या तीनशे बारांपैकी बरीचशी अशीच मान्य झालेली होती. उत्तर तिच्या हातून आले, ताळा मात्र यंत्राने पाहिला. आणि मुलाखतीत समोर यंत्र नव्हते, माणूस होता.

मी तिला म्हटले, डोके नाही वगैरे काही मनात आणू नकोस. या एका उदाहरणात कोण कोण ठेचकाळले आहे ते ऐक.

ही निम्मे-निम्मे शोधण्याची रीत एनिॲक हे यंत्र बांधणारे जॉन मॉक्ली यांनी १९४६ साली फिलाडेल्फियातल्या व्याख्यानांत सांगितली. कल्पना शाळकरी पोराला समजेल अशी. पण यादीत नोंदी कितीही असोत, बिनचूक चालेल असे तिचे रूप छापून यायला आणखी चौदा-सोळा वर्षे लागली. हा इतिहास डोनाल्ड क्नूथ यांनी आपल्या मोठ्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात, १९७३ साली, नोंदवून ठेवला आहे. पुढे जॉन बेंटली या अमेरिकन प्राध्यापकांनी बेल प्रयोगशाळेत आणि आयबीएममध्ये वर्ग घेताना हेच उदाहरण प्रोग्रॅम लिहिण्यावर पोट भरणाऱ्या माणसांना घातले. वेळ दिला दोन तासांचा. नंतर आपापले लिखाण तपासायला सांगितले, तेव्हा सुमारे नव्वद टक्के लोकांना आपल्या लिखाणात चूक सापडली. बेंटलींनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या आपल्या पुस्तकात हा प्रोग्रॅम पायरीपायरीने सिद्ध करून दाखवला.

पुढची गोष्ट तर याहून बहारीची आहे. बेंटलींच्या व्याख्यानाला बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी जॉशुआ ब्लॉक यांनी पुढे ‘जावा’ या संगणकभाषेच्या संग्रहासाठी हीच रीत लिहिली. जगभर ती वापरात होती. आणि २००६ साली खुद्द ब्लॉक यांनीच जाहीर केले की, माझ्या लिखाणात चूक आहे, ती नऊएक वर्षे तिथे दडून होती, आणि बेंटलींच्या पुस्तकातही तीच आहे! कुठे होती चूक? दोन्ही हद्दींची बेरीज करून निम्मे करायचे, त्या निरुपद्रवी वाक्यात. यंत्राच्या एका घरात पूर्णांक मावतो तो फार तर २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या थोडा वर. डावी हद्द दीडशे कोटींवर आणि उजवी एकशे साठ कोटींवर असली, तर बेरीज तीनशे दहा कोटी. ती घरात मावत नाही. हातचा ठेवायला जागा नसते, तो चिन्हाच्या घरात जाऊन पडतो आणि बेरीज ऋण होते. ऋण जागा यादीत कुठली असणार? उपाय अगदी घरगुती आहे. बेरीज करूच नये. दोन हद्दींतले अंतर दहा कोटी, त्याचे निम्मे पाच, ते डाव्या हद्दीत मिळवावे : एकशे पंचावन्न कोटी. मधली जागा तीच, पण घर ओसंडत नाही. बेंटलींच्या वेळी एवढी मोठी यादी मावेल असे यंत्र सहसा कोणाजवळ नव्हते, म्हणून चूक झाकली राहिली.

भाची हे ऐकून हसली. मग मी तिला माझी स्वतःची गोष्ट सांगितली. ती हसण्यासारखी नाही.

१९९३ साली एका पतसंस्थेला मी सभासदांच्या नोंदी शोधण्याचा छोटा प्रोग्रॅम हौसेने लिहून दिला होता. खातेक्रमांक टाकला की माणसाचे नाव आणि शिल्लक पडद्यावर यावी. चाळीस क्रमांक घालून पाहिले, चाळीसही बरोबर आले, मी पेढे खाऊन घरी आलो. काही महिन्यांनी तिथले कारकून भेटले आणि थट्टेने म्हणाले, ‘‘सर, तुमच्या यंत्राला नवा माणूस ओळखायला दोन-चार दिवस लागतात बुवा!’’ मी चमकलो. खोदून विचारले तेव्हा कळले की, एक म्हातारी बाई एका शनिवारी सभासद झाली होती. पुढच्या आठवड्यात ती तीनदा आली, तिन्ही वेळा यंत्राने ‘नोंद नाही’ म्हणून सांगितले आणि तिन्ही वेळा तिला परत पाठवले. तिच्या हातात पावती होती. चौथ्या खेपेला नाव बरोबर आले. कारकुनांनी निष्कर्ष काढला की, आजींनीच आधी क्रमांक चुकीचा सांगितला असेल. तसे तिला चार लोकांत बोलूनही दाखवले.

त्या रात्री मी प्रोग्रॅम काढून बसलो. उजवी हद्द मी एकाने कमी धरली होती. जागांची मोजणी काही ठिकाणी शून्यापासून आणि काही ठिकाणी एकापासून, असा माझा घोटाळा झाला होता. परिणाम असा की, यादीतला शेवटचा माणूस कधीच सापडत नसे. आणि शेवटचा म्हणजे सर्वांत नवा. त्याच्या मागून आणखी कोणी सभासद झाला की तो शेवटचा राहत नसे आणि सापडू लागे. म्हणून चूक दिसते न दिसते तोच नाहीशी होई. माझ्या चाळीस क्रमांकांत पहिला नव्हता, शेवटचा नव्हता. सगळे आपले मधले. दुरुस्ती एका आकड्याची होती. ती बाई मला कधी भेटली नाही.

तेव्हापासून कोणतेही उदाहरण सोडवले की मी ते प्रथम काठावर चालवून पाहतो. यादी रिकामी असली तर? एकच नोंद असली तर? दोन असल्या तर? हवी असलेली नोंद पहिलीच असली, शेवटचीच असली, सगळ्यांहून लहान म्हणून यादीतच नसली तर? यात बुद्धीचे काम फारसे नाही, चिकाटीचे आहे.

आम्ही दोघांनी मग एक वही घातली. दिवसाला एकच उदाहरण, आधी कागदावर. डाव्या पानावर रीत, उजव्या पानावर ताळा. पहिल्या आठवड्यातले एक उदाहरण सांगतो. दुकानदाराच्या बँकखात्यात ७४० रुपये एकदम जमा झाले. कोणा गिऱ्हाइकाने दोन बिले एकत्र भरली आहेत, कुठली दोन? समजा हजार बिले आहेत. प्रत्येक बिल प्रत्येक बिलाशी जोडून पाहायचे म्हटले तर ४,९९,५०० जोड्या होतात. त्याऐवजी बिले रकमेच्या क्रमाने लावा. डावा हात सर्वांत लहान बिलावर, उजवा सर्वांत मोठ्यावर. बेरीज ७४० पेक्षा कमी आली, तर डावा हात एक घर पुढे. जास्त आली, तर उजवा एक घर मागे. हात भेटले की संपले. फार तर ९९९ पाहण्या.

रीत भाचीला तोंडपाठ होती. मी विचारले, ‘‘लहान बिल टाकून पुढे जातेस, त्याचा जोडीदार मागे राहिला नसेल कशावरून?’’ ती घुटमळली. अर्धा तास गेला. मग तिचे तिलाच सुचले : उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या बिलाला जोडूनही ज्याची बेरीज ७४० ला पोचत नाही, त्याला दुसरा कोण पोचवणार? म्हणून ते टाकायला हरकत नाही. तो अर्धा तास मला तिच्या तीनशे बारा उदाहरणांपेक्षा मोलाचा वाटतो. उजव्या पानावर तिने आपण होऊन लिहिले : ३७० चे एकच बिल असले तर दोन्ही हात त्यावर येऊ द्यायचे नाहीत, ३७० ची दोन असली तर चालेल.

आता कोणी म्हणेल, दिवसाला एक म्हणजे फारच सावकाश झाले. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पुष्कळ उदाहरणे डोळ्यांखालून गेल्याशिवाय मांडण्यांची ओळख होत नाही, आणि संख्येलाही महत्त्व आहेच. शिवाय उदाहरण निवडायलाही अक्कल लागते. क्नूथ यांनी आपल्या ग्रंथातल्या प्रत्येक उदाहरणाला शून्यापासून पन्नासपर्यंत गुण दिले आहेत. शून्य म्हणजे पाहताच सुटणारे, पन्नास म्हणजे जगात अजून कोणालाच न सुटलेले. फर्माचे सुप्रसिद्ध प्रमेय त्यांनी उदाहरण म्हणून घातले होते, गुण पन्नास. ॲन्ड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ साली प्रसिद्ध झाल्यावर नव्या आवृत्तीत त्यांनी ते पंचेचाळिसावर आणले! थट्टा सोडली तरी त्यातला हिशेब ध्यानात घेण्याजोगा आहे. आपल्याला अर्ध्या-पाऊण तासात सुटेल न सुटेल असे उदाहरण घ्यावे. नाहीच सुटले तर उत्तर जरूर पाहावे, त्यात कमीपणा नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ते कोऱ्या कागदावर पुन्हा लिहावे. गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली उदाहरणे कशी सोडवावीत यावर पुस्तक लिहिले, त्यात चार पायऱ्या सांगितल्या. चौथी आहे मागे वळून पाहण्याची. आमच्या गुरुजींनी पोल्या वाचले नसावेत, पण ते हेच सांगत होते.

आता तर प्रश्न नुसता टाइप केला की सबंध प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. मग माणसाने उदाहरणे सोडवावीत तरी कशाला, असे भाचीचे वडील मला विचारीत होते. मी त्यांना त्या म्हातारीची गोष्ट सांगितली. प्रोग्रॅम मी लिहिलेला असो की यंत्राने, शेवटच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला तो सापडतो की नाही, हे कोणीतरी पाहायला हवे ना?

आठ आठवडे वही चालली. छप्पन्न उदाहरणे झाली नाहीत, एकेचाळीस झाली. मध्ये दिवाळी आली, एकदा तिला ताप आला, आणि चार दिवस माझाच कंटाळा आड आला. मागच्या सोमवारी तिची दुसरी मुलाखत झाली. उदाहरण होते निम्मे-निम्मे शोधण्याच्याच जातीचे : क्रमाने लावलेल्या यादीत एकच आकडा अनेकदा आलेला आहे, तो प्रथम कुठे येतो ते सांगा. लिहायला घेण्याआधी तिने विचारले, ‘‘यादी रिकामी असू शकते का?’’ समोरचे गृहस्थ हसले म्हणे, आणि म्हणाले, ‘‘असू शकते.’’

संध्याकाळी ती थेट माझ्याकडे आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, ‘‘मामा, लिहिलं सगळं. दोन आकड्यांवर चालवून दाखवलं, थांबलं. पण येताना बसमध्ये पुन्हा ताळा पाहिला, तर एक जागा राहिली.’’

‘‘कुठली गं?’’

‘‘सगळेच आकडे सारखे असले तर. मी तो आकडा सापडला की तिथून एकेक घर मागे जात पहिला शोधते. सगळे सारखेच असले तर अर्धी यादी चालत बसावं लागेल. उत्तर बरोबर येईल, पण निम्मे-निम्मे कशाला केलं मग?’’

निकाल पुढच्या आठवड्यात कळायचा आहे. तिने त्याच बैठकीत वही उघडून बेचाळिसावे उदाहरण म्हणून ते पुन्हा लिहिले. या वेळी आकडा सापडला तरी ती थांबली नाही. उजवी हद्द तिथे आणून डावीकडचे निम्मे शोधीत राहिली. मग उजवे पान उलगडून तिने वर तारीख घातली.